पोतनिसांचं निर्भेळ ॲल्युमिनियम

रत्नाकरराव पोतनीस हे देवासमधले, आणि त्यांच्या स्वतःच्या मते अख्ख्या माळव्यातले, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे अखेरचे जाणकार होते. इथल्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका औषध कारखान्यात त्यांनी उभी नोकरी हा एकच पदार्थ तपासण्यात घालवली. छातीत जळजळ सुटली की जे पांढरं, दाटसर, खडूच्या चवीचं औषध लोक चमच्यानं घेतात, त्यातला मुख्य ऐवज हाच. निवृत्तीनंतर कोणी बागकाम करतो, कोणी गीतेच्या वर्गाला जातो, कोणी सुनेच्या स्वयंपाकात चुका काढतो. रत्नाकरराव यातलं काहीच करत नसत. ते समजावून सांगत.

"पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तो का बसतो?" हा प्रश्न ते दूधवाल्यालाही विचारत आणि तो दूध मापून संपवायच्या आत उत्तरही देऊन टाकत. तुरटीपासून पाण्यात हाच पदार्थ तयार होतो, पिंजलेल्या कापसासारखा, आणि तळाशी जाता जाता चिखलाला सोबत घेऊन जातो. शेजारची सून बाळाला लस टोचून आणत असली तर तिला फाटकापाशी थांबवून ते सांगत की काही लशींतही हा चिमूटभर घालतात, शरीरानं लशीची नीट दखल घ्यावी म्हणून. सून "हो काका" म्हणे आणि रडणारं पोर घेऊन घरात जाई. ज्ञानाची भूक असलेला श्रोता देवासात मिळत नाही, अशी रत्नाकररावांची जुनी खंत होती.

पण खरी खंत निराळी होती, आणि ती धारला राहत होती. तिचं नाव अक्का.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनीच त्यांना वाढवलं. पुढे धारच्या मुलींच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं. धारमधल्या निम्म्या बायका अजूनही अक्का समोरून आल्या की पदर सावरतात आणि मनातल्या मनात पाढे म्हणतात. अक्कांनी आजवर रत्नाकररावांचं कौतुक केलेलं नव्हतं. ते पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले तेव्हा अक्कांनी विचारलं होतं, "उरलेले मार्क कुठे गेले?" कारखान्यात बढती मिळाली तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे आता बाटल्या मोजायला दुसरा माणूस ठेवतील." माणूस आजोबा झाला तरी अशा गोष्टी सलतात, आणि रत्नाकररावांना त्या फार सलत.

या अक्कांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. अक्कांचा मुलगा माधव धारमध्येच वकिली करतो. त्यानं हॉल घेतला, गुरुजी ठरवले आणि जेवणाला अर्थातच दाल-बाफले, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. माळव्यात दुसरं काही ठेवलं तर लोक आहेर परत घेऊन जातील. अडचण एवढीच की खुद्द अक्कांना बाफले चालत नव्हते. तुपात बुडवलेला एक घास पोटात गेला की त्यांना घशापर्यंत आंबट पाणी येई. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काळजीचं काही नाही, नुसतं आम्लपित्त आहे, असं सांगून गोळ्या दिल्या. गोळी घशात अडकते म्हणून अक्कांनी त्या उंबऱ्याबाहेरच ठेवल्या.

"सगळ्यांनी जेवा," त्या फोनवर म्हणाल्या. "मी ताकभात घेईन. माझ्याच समारंभात माझं पान तेवढं आजाऱ्याचं."

हे बोलताना त्यांचा आवाज थोडा उतरला. अक्कांचा आवाज उतरलेला रत्नाकररावांनी आयुष्यात ऐकला नव्हता. ते न राहवून बोलून गेले, "अक्का, तुझ्या पानात बाफला पडेल आणि तो तू खाशील. मी माझ्या हातानं औषध करून आणतो."

"बघू," अक्का म्हणाल्या. शाळेत ज्या मुलीला त्या 'बघू' म्हणत, ती सहसा नापास होई.

"मेडिकलमध्ये बाटली मिळते," सुमंगलाबाई म्हणाल्या. या रत्नाकररावांच्या पत्नी, आणि घरात व्यवहार पाहणारं जे कोणी आहे ते त्याच. "गुलाबीसुद्धा मिळते. बडीशेपेच्या चवीची."

"त्या बाटलीत मॅग्नेशियम असतं," रत्नाकरराव म्हणाले. गवळ्यानं दुधात पाणी घातल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा सूर होता.

यामागे कारखान्याचं राजकारण होतं. तिथे हे औषध दोन विभागांत तयार होई. व्हरांड्याच्या या बाजूला ॲल्युमिनियम, त्या बाजूला मॅग्नेशियम, आणि शेवटी दोन्ही एका पिपात. मॅग्नेशियम विभागाची प्रयोगशाळा दत्ताजी शितोळे नावाच्या गृहस्थांकडे होती. एकदा एक घाणा बिघडला, तो कोणामुळे यावरून दोघांचं जुंपलं, आणि तेव्हापासून व्हरांड्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला चहालाही गेला नाही. दोन्ही पदार्थ एकत्र का करतात, हे रत्नाकररावांनी कधी विचारलं नाही, कारण विचारायचं तर दत्ताजींना विचारावं लागलं असतं. त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं की मॅग्नेशियम ही नुसती माल वाढवायची भरती आहे. पुढे ते हे इतक्यांदा इतक्यांना सांगत राहिले की त्यांना ते पुस्तकात वाचल्यासारखं वाटू लागलं.

"अक्काला निर्भेळ देणार," ते म्हणाले. "शंभर टक्के ॲल्युमिनियम."

शुद्ध तुरटी आणि शुद्ध सोडा आणायला ते इंदूरला गेले. प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "संस्था कौन सी है?" रत्नाकरराव म्हणाले, "पोतनीस." "कॉलेज है कि स्कूल?" त्यांनी छाती किंचित पुढे काढली आणि म्हणाले, "कॉलेज समझ लो." परतीच्या बसमध्ये ते अधूनमधून पिशवीवरून हात फिरवत होते. पोतनीस कॉलेजचे प्राचार्य, प्राध्यापक आणि शिपाई तूर्त तेच होते.

कृती सोपी आहे. तुरटीचं पाणी आणि सोड्याचं पाणी एकत्र केलं की पांढरा गोळा खाली बसतो. वर कार्बन डायऑक्साइड फसफसून निघून जातो. प्रयोगशाळेत हे बोटभर नळीत करतात. रत्नाकररावांनी ते सुमंगलाबाईंच्या पुरण शिजवायच्या पातेल्यात केलं, कारण एकट्या अक्कांपुरतं करायचं म्हणजे त्यांच्या हुद्द्याला कमीपणा होता. सोबत शेजारचे मानाजीराव होते. मानाजीराव गिअरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते अशा प्रसंगी बोलावल्याशिवाय येतात आणि सल्ला दिल्याशिवाय जात नाहीत.

"पोतनीस भिया, एक शंका है," मानाजीराव म्हणाले. माळव्यात भैयाचा भिया होतो. "ॲल्युमिनियम म्हणजे आपला कुकर तोच ना? मग त्याचा भुगा पोटात घ्यायचा का?"

"मिठात सोडियम असतं. नुसतं सोडियम पाण्यात टाकलं तर पेट घेतं. म्हणून तुम्ही मीठ खायचं सोडलंत का?"

मानाजीराव विचारात पडले. तेवढ्यात रत्नाकररावांनी सोड्याचं पाणी एकदम ओतलं. पातेल्यानं क्षणभर विचार केला आणि मग ते उठून बसलं. पांढरा फेस काठावरून ओट्यावर, ओट्यावरून खाली, आणि तिथून सुमंगलाबाईंनी उन्हात न्यायला काढून ठेवलेल्या कुरडयांच्या ताटात शांतपणे शिरला. मानाजीरावांनी पाय वर घेतले. "भिया, गॅस बंद करो," ते म्हणाले. गॅस मुळात पेटवलेलाच नव्हता.

"अपेक्षितच आहे," रत्नाकरराव म्हणाले. त्यांच्या भुवईवर फेस होता. सुमंगलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, कुरडयांकडे पाहिलं आणि ताट उचलून मागच्या दारी रिकामं केलं. 

पुढचं काम धुण्याचं. या गोळ्यातला क्षार निघून जाईपर्यंत तो पुन्हा पुन्हा पाण्यात कालवून निथळावा लागतो, आणि त्याला स्वभावतः पाणी सोडायला आवडत नाही. गाळणकागदानं हात टेकले. शेवटी रत्नाकररावांनी श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमल काढलं आणि त्यात गोळा बांधून अंगणातल्या खुंटीला टांगला. देवासात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी आलं, त्या दिवशीची टाकी या गोळ्यानं एकट्यानं संपवली. सुमंगलाबाई मानाजीरावांच्या घरी आंघोळीला गेल्या आणि जाताना साबणदाणी जरा आपटून गेल्या.

येणाजाणारे टांगलेल्या गाठोड्याकडे बघून थांबत. "काका, श्रीखंड?" "नाही, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड." मग सल्ले. कोणी म्हणालं ओवा घाला, कोणी म्हणालं हिंग. कोपऱ्यावरच्या निवृत्त तहसीलदारांनी गंभीरपणे विचारलं की याला परवाना लागत नाही का. रत्नाकरराव म्हणाले की बहिणीला औषध द्यायला परवाना लागत असेल तर राखीलाही लागेल. हे उत्तर त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढचा आठवडाभर ते प्रश्न नसतानाही देत होते.

धुण्याचं पाणी अर्थातच गटारीत जात होतं, आणि जाताना थोडा गोळाही घेऊन जात होतं. एका सकाळी गल्लीतल्या नालीत पांढरी खळ तुंबली. कचऱ्याच्या गाडीमागून महापालिकेचा सफाई निरीक्षक आला. आजकाल देशात सर्वांत स्वच्छ ठरणाऱ्या इंदूरच्या शेजारी राहायचं म्हणजे स्वच्छतेची धास्ती असते.

"अंकलजी, ये नाली में क्या छोड़ रहे हो?"

"घबराने की बात नहीं," रत्नाकरराव ठेवणीतल्या हिंदीत म्हणाले. "इससे पानी शुद्ध होता है."

निरीक्षकानं नालीत वाकून पाहिलं. "नाली का पानी शुद्ध करके क्या करोगे, अंकलजी?"

भर सकाळी, सगळी गल्ली गॅलरीत उभी असताना, पोतनीस कॉलेजच्या प्राचार्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून खराट्यानं नाली साफ केली. मानाजीराव वरून "भिया, डावीकडे राहिलं" असं सांगत होते. मानहानी गिळण्याचाही एक मार्ग असतो. काम संपल्यावर रत्नाकररावांनी निरीक्षकाला बसवलं, चहा दिला, आणि बोलता बोलता कळलं की निरीक्षकाला कचोरीनं रोज जळजळ होते. तो निघाला तेव्हा त्याच्या हातात झाकणाची वाटी होती.

तोवर औषध तयार झालं होतं. पांढरंशुभ्र, मऊ, त्यात थोडा पुदिना. रत्नाकरराव शास्त्राचे माणूस, आधी स्वतः घेतलं. मग मानाजीरावांनी घेतलं, मग तहसीलदारांनी, मग बातमी पसरली. "कोणती दुसरी गोळी चालू असेल तर मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या," ते प्रत्येकाला बजावत, "थायरॉइडची, रक्तवाढीची, कसलीही. हा तिला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही." धरून ठेवण्याचा हा गुण किती व्यापक आहे, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. गल्लीतली जळजळ नाहीशी झाली. लोक पोह्यांवर शेव घालून खाऊ लागले, मग शेवेवर पोहे घालून. मानाजीरावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भिया, तुमने तो कमाल कर दी." अशा वेळी माणसानं नम्र असावं, पण रत्नाकररावांना सवय नव्हती.

समारंभाच्या आधल्या आठवड्यात ते बरणी घेऊन धारला गेले. अक्कांनी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि जणू फळ्यावरचं गणित तपासत असल्यासारख्या थांबल्या. संध्याकाळी त्यांनी मुगाची भजी मागितली. दुसऱ्या दिवशी हिरवी मिरची. रत्नाकरराव देवासला परतले तेव्हा माधवचा फोन आला, "मामा, आई म्हणाली, रत्नाला काहीतरी येतं म्हणायचं."

रत्नाकररावांनी फोन ठेवला. त्यांना फार आनंद झाला होता. तो कोणाला सांगावा हे न कळून त्यांनी खुंटीवरचं मलमल उगीचच पुन्हा धुतलं.

यानंतर जे घडलं ते जपून सांगायला हवं, कारण त्यात प्रतिष्ठित माणसं गुंतलेली आहेत.

पहिली लक्षणं खुद्द रत्नाकररावांना दिसली होती, पण त्यांनी ती पाण्यावर ढकलली. मग एका सकाळी ते फिरायला निघाले तर गल्लीतले सगळे पुरुष आधीच फिरत होते. एरवी आठाआधी न उठणारे तहसीलदार हातात कोमट पाण्याचा पेला घेऊन येरझाऱ्या घालत होते. मानाजीराव कमरेवर हात ठेवून कडुनिंबाखाली उभे होते आणि त्यांची नजर कुठेतरी लांब लागली होती.

"पोतनीस भिया," ते हळू आवाजात म्हणाले, "ऊपर का रस्ता तो तुमने बढिया कर दिया. पण खालचा बंद पडला ना."

"योगायोग," रत्नाकरराव म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता.

तेवढ्यात सफाई निरीक्षक स्कूटरवरून आला. तो स्कूटरवर बसलेला नव्हता, पावदानावर उभा राहून चालवत होता. "अंकलजी," तो म्हणाला, "हम नाली साफ करवाते हैं दूसरों की. आपने हमारी ही जाम कर दी."

रत्नाकरराव घरी आले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरचं औषधशास्त्राचं पुस्तक काढलं. ॲल्युमिनियमचं पान त्यांना पाठ होतं, फक्त खालच्या बारीक अक्षरातल्या ओळी त्यांनी कधी वाचल्या नव्हत्या. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की हा पदार्थ मलावरोध करतो, आणि मॅग्नेशियम त्याच्या नेमकं उलट करतं, म्हणून दोघांना एकत्र देतात. म्हणजे एक अडवतो, दुसरा सोडतो, आणि दोघं मिळून माणसाला माणसात ठेवतात. व्हरांड्याच्या पलीकडे इतकी वर्षं जे चाललं होतं ती भरती नव्हती. ते अर्धं औषध होतं.

त्याच वेळी माधवचा फोन आला. "मामा, आई कालपासून जेवत नाहीये. पोट दगडासारखं झालंय म्हणते. डॉक्टरांना बोलवू म्हटलं तर म्हणते, त्यांना काय सांगू, माझ्या भावानं केलं म्हणून? उद्या सकाळी होम आहे, तीन तास पाटावर बसायचं आहे. म्हणते, समारंभ रद्द कर."

कौतुक गेलं हे खरं, पण आता त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ऐंशीच्या घरातली बहीण, आपल्या हातचं घेऊन आजारी पडली होती. मेडिकलमध्ये मॅग्नेशियमचं औषध मिळेल हे त्यांना माहीत होतं. पण किती द्यायचं? या वयात, त्या जुन्या मूत्रपिंडांना, अंदाजानं? सगळी नोकरी त्यांनी दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर काढली होती, आणि इथे त्यांना एक चमचा की दोन हे ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेला माणूस गावातल्या देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहत होता.

सुमंगलाबाईंनी त्यांची चप्पल आणून पुढे ठेवली.

दत्ताजी शितोळे अंगणात खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. रत्नाकररावांना फाटकात पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोरची व्यक्ती तीच होती.

"या," ते म्हणाले. "कोण गेलं?"

"कोणी नाही," रत्नाकरराव म्हणाले. "मला एक विचारायचं आहे." पुढचे शब्द घशातून काढायला त्यांना अक्कांच्या गोळीपेक्षा जास्त त्रास झाला. "मॅग्नेशियमचं."

त्यांनी सगळं सांगितलं. फेस, नाली, गल्ली, अक्का. दत्ताजी ऐकत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. रत्नाकररावांनी मनाची तयारी केली. आता हा माणूस हसणार, आणि उद्या सगळ्या देवासला कळणार. हसू दे, ते स्वतःशी म्हणाले, फक्त प्रमाण सांगू दे.

दत्ताजी हसले नाहीत. त्यांनी आत बघून घेतलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि खाटेवर थोडे सरकून जागा केली.

"बसा. माझ्या धाकटीचं लग्न आठवतं? तुम्हाला बोलावलं नव्हतं, त्यामुळे आठवणार नाही. वऱ्हाड धारच्या पलीकडच्या सरदारपूरचं. जेवणात बाफले. मी म्हटलं, पाहुण्यांना जळजळ नको. घरीच औषध केलं. निर्भेळ मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमचं मी लोकांना सांगायचो, ती भरती आहे."

"मग?"

"मग काय. वऱ्हाडाची बस देवासहून धारपर्यंत किती ठिकाणी थांबली, ते व्याही अजून सांगतात. माझ्या मुलीला सासरी पहिलं वर्ष जड गेलं." दत्ताजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तेव्हा तुमच्याकडे यावं असं दोनदा मनात आलं. फाटकापर्यंत आलो होतो एकदा. तुम्ही दूधवाल्याला काहीतरी समजावून सांगत होतात. परत गेलो."

मग रत्नाकरराव खाटेवर बसले.

"अक्कांची किडनी कशी आहे?" दत्ताजींनी विचारलं. रत्नाकररावांनी माधवला फोन लावला. नुकत्याच झालेल्या तपासण्या ठीक होत्या. त्यानं अक्कांच्या डॉक्टरांनाही फोन जोडून दिला. दत्ताजींनी आधी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं, मग मात्रा विचारून पक्की केली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की भावाच्या बरणीला आता कुलूप लावा, मॅग्नेशियम जळजळीवरही चालतं. मग दत्ताजी आत गेले, सदरा बदलला आणि पिशवी घेऊन बाहेर आले. "चला. मीही येतो. पाजताना समोर कोणीतरी विभागाचा माणूस हवा."

धारच्या बसमध्ये दत्ताजींनी पिशवीतून निळी बाटली काढून दाखवली. रत्नाकररावांनी ती उजेडात धरली, हलवली, रंग पाहिला, दाटपणा पाहिला. खरोखर उत्तम माल होता, आणि तसं मान्य करण्याइतका मोठेपणा त्या दिवशी त्यांच्यात आला होता.

"सुरेख झालंय. धुतलं किती वेळा?"

"मेडिकलमधून आणलंय," दत्ताजी म्हणाले. "वऱ्हाडानंतर मी घरी चहासुद्धा करत नाही."

अक्का अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. रत्नाकररावांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली, एका दमात, शाळेत चूक कबूल करावी तसं. औषध अर्धंच केलं होतं. उरलेलं अर्धं मला येत नव्हतं. येतं असं मी सगळ्यांना सांगत होतो. हे दत्ताजी शितोळे, यांना येतं. अक्कांनी मान वळवली, आधी भावाकडे आणि मग पाहुण्याकडे नखशिखांत पाहिलं, आणि चमच्यासाठी हात पुढे केला.

उरलेली दुपार पोतनीस आणि शितोळे माधवच्या ओसरीत शेजारी शेजारी बसून होते. आतून पावलं वाजली की दोघे कान टवकारत. दिवेलागणीला आतून अक्कांची सून आली, पदर तोंडाला लावून हसू दाबत म्हणाली, "आई विचारतायत, उद्या गुरुजी किती वाजता येणार." दत्ताजींनी पुढे हात केला. रत्नाकररावांनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सकाळी अक्का पाटावर ताठ बसल्या, होम संपेपर्यंत हलल्या नाहीत. जुन्या विद्यार्थिनींनी दिव्यांनी ओवाळलं, तेव्हा त्यांतल्या काहींच्या ओठांची अजूनही सवयीनं हालचाल होत होती. मग पंगत बसली. अक्कांच्या पानात माधवनं बिचकत अर्धा बाफला वाढला. अक्कांनी तो पुरा करायला लावला, वर तूप घ्यायला लावलं, आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. रत्नाकररावांचा घास हातातच राहिला होता. मानाजीराव खास देवासहून आले होते, एव्हाना सुधारलेले. ते म्हणाले, "अक्कासाहेब, आपके भिया ने मेहनत बहुत की."

अक्कांनी हात पुसला. पंगत गप्प झाली, कारण अक्का बोलणार हे वर्गाला कळतं.

"याला रसायनशास्त्र अर्धंच येतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं तेवढंही येत नाही. पण उरलेलं अर्धं ज्याला येत होतं, त्याच्या दारात हा स्वतःच्या पायांनी गेला. माझ्या वर्गात पुष्कळ हुशार मुली होत्या, त्यातल्या फार थोड्यांना हे जमलं." त्यांनी रत्नाकररावांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात लहानपणी शाळेतून आल्यावर जेवायला बसवणारी अक्का होती. "रत्ना, तू पास."

शेजारच्या पानावरून दत्ताजींनी रत्नाकररावांच्या मांडीवर थोपटलं आणि वाढप्याला हाक मारली, "इकडे दोघांना एक एक बाफला आणा."